मालवाहू विमानाचा वैमानिक : व्यवसायाची ओळख आणि पालकांसाठी काही विचार

प्रास्ताविक

पुढे काय व्हायचे आहे असे दहावी-बारावीच्या मुलांना विचारले, तर डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षेतून अधिकारी ही उत्तरे आजवर ठरलेली असत. अलीकडे त्यांत वैमानिक हे उत्तरही ऐकू येऊ लागले आहे. ज्या घरांतील आजी-आजोबांनी आगगाडीचा प्रवासही मोजक्या वेळा केला, त्या घरांतील नातवंडे विमान चालवण्याची भाषा बोलतात, ही समाधानाची गोष्ट आहे. या भाषेला हसणे किंवा ती मोडून काढणे आम्हांला मान्य नाही.

परंतु या उत्तरापाठोपाठ घरात दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो पैशाचा असतो. नांदे, चांदे, सूस, लवळे, माण या परिसरात हिंजवडीच्या वाढीबरोबर जमिनीला भाव आला. एखादे कुटुंब वडिलोपार्जित तुकडा विकून मुलाला प्रशिक्षणाला पाठवण्याचा विचार करते. ज्यांच्याकडे जमीन नाही, ते राहते घर तारण ठेवण्याचा विचार करतात. निर्णय एका पिढीचा असतो, पण त्याचे फळ वा ओझे दोन पिढ्यांना वाहावे लागते. म्हणून हा व्यवसाय नेमका कसा आहे, त्यात प्रवेश कसा मिळतो आणि मिळाल्यावर आयुष्य कसे जाते, याचा अभ्यास या लेखात मांडण्याचे आम्ही योजले आहे.

त्यातही आम्ही मालवाहू विमानाचा वैमानिक मुद्दाम निवडला. प्रवासी विमानाचा वैमानिक सर्वांना दिसतो. त्याचा गणवेश आणि त्याची उद्घोषणा मुलांना भुरळ घालते. मालवाहू वैमानिकाला कोणी पाहत नाही. त्याचे शिक्षण तेच, परवाना तोच, जबाबदारीही तीच. मात्र भोवतीची झगमग वजा झालेली असते. झगमग वजा केल्यावरही ज्या मुलाला वा मुलीला हे काम हवेसे वाटेल, त्याची आवड खरी समजावी, असे आमचे मत आहे.

आरंभ टपालापासून

भारतीय विमानवाहतुकीची सुरुवात माणसांच्या आधी पत्रांनी झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पिके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून या उड्डाणाची नोंद आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाच्या पिशव्या आणल्या आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी त्या बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचवल्या. ज्या कंपनीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली, तिचे पहिले काम माल वाहण्याचे होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अध्याय नागपूरचा आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. तिच्यामागे तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा पुढाकार होता. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून प्रत्येकी एक विमान रात्री निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या शहरी परते. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाऊ लागले. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्यास सुरुवात झाली. श्रीमंतांच्या तारेइतकाच वेग गरिबाच्या पत्राला मिळाला.

सर्व दिशांचा माल रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणायचा, तेथे वाटून घ्यायचा आणि सकाळपूर्वी पोहोचवायचा, ही आजच्या जागतिक कुरिअर व्यवसायाची मुख्य पद्धत आहे. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस या कंपनीने मेम्फिस शहरातून १९७३ मध्ये याच पद्धतीने काम सुरू केले. नागपूरच्या धावपट्टीवर तशी व्यवस्था त्याच्या २४ वर्षे आधीपासून चालू होती. डाकोटा विमाने, आजच्या मानाने तुटपुंजी उपकरणे आणि पावसाळी रात्री, अशा परिस्थितीत त्या काळच्या वैमानिकांनी ती चालवली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेले रात्रटपालाचे विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळले आणि त्यात जीवितहानी झाली. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे कोणाची तरी रात्र असते, हे त्या काळीही खरे होते.

आजची स्थिती

आज पत्रांची जागा पार्सलांनी, औषधांनी, यंत्रांच्या सुट्या भागांनी आणि नाशवंत मालाने घेतली आहे. पुणेकरांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे १२ जानेवारी २०२१ ची पहाट. सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविड लसीचे पहिले खोके लोहगाव विमानतळावर पोहोचले आणि त्या दिवशी ९ उड्डाणांतून ५६ लाखांहून अधिक मात्रा देशातील १३ शहरांकडे रवाना झाल्या.

या घटनेतच एक धडा दडलेला आहे. त्या दिवशी लस नेणाऱ्या कंपन्या प्रामुख्याने प्रवासी वाहतूक करणाऱ्या होत्या. आपल्या देशात विमानाने जाणारा पुष्कळसा माल प्रवासी विमानांच्या पोटातील कप्प्यांतून जातो. केवळ माल नेणारी विमाने देशात मोजकीच आहेत. चेन्नईत मुख्य तळ असलेली ब्लू डार्ट एव्हिएशन १९९६ पासून रात्रीची मालवाहतूक करते. इंडिगोने २०२२ मध्ये प्रवासी बनावटीच्या एअरबस ए-३२१ विमानांचे रूपांतर करून स्वतंत्र मालवाहू सेवा सुरू केली. अशी आणखी काही नावे आहेत. परंतु या क्षेत्रात कंपन्या उभ्या राहतात तशा बंदही पडतात, हे गेल्या ३० वर्षांत अनेकदा घडले आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. भारतात केवळ मालवाहू वैमानिक होण्याचे उद्दिष्ट ठेवून प्रशिक्षणाला जाणे शहाणपणाचे नाही, कारण जागा फार थोड्या आहेत. परवाना सर्वांचा एकच असतो. त्यामुळे बहुतेकांचा मार्ग प्रवासी कंपनीतून सुरू होतो आणि काहींचा पुढे मालवाहतुकीकडे वळतो. विमानांच्या बाबतीतही हीच रीत आहे. वापरलेल्या प्रवासी विमानाच्या खिडक्या बंद करतात, जमीन मजबूत करतात, बाजूला मोठा दरवाजा कापतात आणि ते मालवाहू होते. बोईंग ७५७ या जातीचे उत्पादन २००४ मध्येच थांबले, तरी ती विमाने अजून माल वाहतात. नव्या सहवैमानिकाच्या हाती आलेले विमान त्याच्यापेक्षा वयाने मोठे असू शकते.

आधी शरीर, मग पैसा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती क्रमाची आहे. वैद्यकीय तपासणी आधी, शुल्काचा पहिला हप्ता नंतर. हा क्रम उलटा झाला की कुटुंब अडचणीत येते.

व्यावसायिक वैमानिकाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता लागते. आधी महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची तपासणी होते आणि त्यानंतर पहिल्या वर्गाची. डोळे, रंगओळख, कान, हृदय, रक्तदाब, मानसिक स्वास्थ्य या सर्वांची कसोटी लागते. चष्मा असला की दार बंद, हा समज चुकीचा आहे. ठरलेल्या मर्यादेत चष्मा चालतो. परंतु रंगांधळेपणासारखा दोष मुलाच्या लक्षातही आलेला नसतो आणि तो तपासणीत निघतो. काही हजार रुपयांच्या तपासणीत जे आधी कळले असते, ते लाखो रुपये भरल्यावर कळावे, यासारखे दुर्दैव नाही. कोणत्याही संस्थेने तपासणीपूर्वी मोठी रक्कम मागितली, तर पालकांनी नम्रपणे नकार द्यावा.

शैक्षणिक पात्रता त्या मानाने सोपी आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. कला वा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांना हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी आणि व्यावसायिक परवाना १८ व्या वर्षी मिळू शकतो. त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण, त्यातील १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, तसेच हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षा उत्तीर्ण कराव्या लागतात. उत्तीर्णतेसाठी प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. शाळेत ३५ गुणांवर समाधान मानण्याची सवय लागलेल्या मुलाला ही पहिली अडचण वाटते. याशिवाय रेडिओवरून बोलण्याचा परवाना आणि इंग्रजी संभाषणाची ठरावीक पातळी आवश्यक असते.

इंग्रजीविषयी आमच्या मुलांच्या मनात न्यूनगंड असतो. रेडिओवरील इंग्रजी ठरावीक शब्दांची, छोट्या वाक्यांची आणि स्पष्ट उच्चारांची असते. तेथे अलंकारांना जागा नाही. मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करील आणि ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत सांगण्याचा सराव करील, तर ही पायरी त्याला अवघड नाही.

खर्चाचा खरा हिशेब

महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी, बारामती, धुळे आणि नागपूर येथे उड्डाण प्रशिक्षणाची सोय आहे. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांसाठी जागा राखीव असतात.

प्रशिक्षणाचा एकूण खर्च आज साधारणपणे ५० लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. एवढे भरून परवाना मिळतो, नोकरी नव्हे. मोठ्या विमानाच्या विशिष्ट जातीचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते वेगळे घ्यावे लागते आणि त्यालाही अनेक लाख रुपये लागतात. ज्या जातीचे प्रशिक्षण घेतले, त्या जातीची विमाने असलेल्या कंपनीतच त्याचा उपयोग होतो. म्हणून कंपनी निश्चित होण्याआधी घाईने टाइप रेटिंग करणे म्हणजे नंबर माहीत नसताना चष्मा करून घेण्यासारखे आहे.

मदतीचे मार्गही आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्र शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या अभ्यासक्रमाचा समावेश आहे. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची वार्षिक मर्यादा अडीच लाख रुपये आहे. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गांतील उमेदवारांसाठी महाज्योती या शासकीय संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली. मात्र योजनेत अभ्यासक्रमाचे नाव असणे आणि प्रत्यक्ष पैसे हाती येणे यांत अंतर असते. आपण निवडलेली संस्था त्या योजनेत नोंदलेली आहे का, शुल्काचा कोणता भाग मिळतो, तो संस्थेला मिळतो की विद्यार्थ्याला आणि कधी, हे चार प्रश्न प्रवेशापूर्वी लेखी विचारावेत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे दहावीनंतरच तयार ठेवावीत.

कर्ज घ्यायचे असल्यास एक कसोटी लावावी. परवाना मिळाल्यावर दोन वर्षे नोकरी मिळाली नाही, तर हप्ता कोण भरणार? या प्रश्नाला घरात ठाम उत्तर असेल तरच पुढे जावे. परवाना हाती असूनही नोकरीसाठी दीर्घ काळ थांबावे लागलेल्या तरुणांची संख्या लहान नाही. २०२० च्या महामारीत तर नोकरीत असलेल्या वैमानिकांनाही घरी बसावे लागले. विमानव्यवसाय भरतीच्या लाटेवर चालतो. लाट कधी येईल हे आपल्या हाती नाही, पण ती येईपर्यंत तग धरण्याची तयारी आपल्या हाती आहे.

नोकरी कशी मिळते

कंपनी जाहिरात देते तेव्हा ती बहुधा दोन प्रकारचे उमेदवार मागते : नुकताच परवाना मिळालेले आणि विशिष्ट विमानाचा अनुभव असलेले. मालवाहू कंपन्यांचा कल दुसऱ्या प्रकाराकडे अधिक असतो, कारण त्यांची विमाने थोडी असतात आणि नवख्यांना शिकवण्यासाठी लागणारा वेळ व माणसे त्यांच्याकडे मर्यादित असतात. निवडीत लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरील चाचणी आणि मुलाखत असे टप्पे येतात. सिम्युलेटरवर उमेदवार किती सफाईने विमान चालवतो, एवढेच पाहत नाहीत. बिघाड झाल्यावर तो शेजारच्या वैमानिकाला काय सांगतो, त्याचे ऐकतो का, चूक दाखवल्यावर कसा वागतो, हेही पाहतात. उड्डाणांच्या नोंदवहीतील प्रत्येक तास खरा असावा लागतो. खोट्या नोंदीने मिळालेली नोकरी आणि परवाना दोन्ही जातात.

निवड झाल्यावर उमेदवार सहवैमानिक होतो. एकूण दीड हजार तासांचा अनुभव आणि पुढील परीक्षा झाल्यावर त्याला वरचा परवाना मिळू शकतो आणि कंपनीच्या गरजेप्रमाणे व ज्येष्ठतेप्रमाणे तो कॅप्टन होतो. कंपनीने प्रशिक्षणाचा खर्च केला असेल तर करारपत्र असते. ते सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावे. राजीनाम्याबाबतही भारतात सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागते. आज नोकरी सोडून उद्या दुसरीकडे जाणे येथे जमत नाही.

मुलींच्या पालकांसाठी येथे विशेष नमूद करावेसे वाटते. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिलचर या मार्गावर केवळ महिलांनी चालवलेल्या विमानाचे नेतृत्व केले. आज भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. निवडीचे निकष दोघांना सारखेच आहेत.

रात्रीचे जीवन

मालवाहू वैमानिकाचा दिवस आपण झोपायला जातो तेव्हा सुरू होतो. दुकाने आणि कारखाने संध्याकाळी माल देतात आणि ग्राहकाला तो सकाळी हवा असतो. मधली रात्र वैमानिकाची. विमानतळावर आल्यावर श्वासचाचणीच्या नियमांना सामोरे जावे लागते. मद्याचा अंश आढळल्यास पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी तीन वर्षे परवाना निलंबित होतो आणि तिसऱ्या वेळी तो रद्द होतो. नंतर हवामान, मार्ग, इंधन यांचा अभ्यास होतो आणि मालाचा तक्ता समोर येतो. कोणता माल कोठे ठेवला आहे, वजनाचा तोल पुढे आहे की मागे, बॅटऱ्या वा रसायने यांसारखा धोकादायक माल कोणत्या जागी आहे, हे कॅप्टनने समजून घेतल्याशिवाय विमान हलत नाही. देशातील छोट्या पल्ल्याच्या मालवाहू विमानात बहुधा दोनच वैमानिक असतात. चहा देणारे कोणी नसते. डबा स्वतःचा आणि गरम करणेही स्वतःचेच.

पहाटे काम संपते आणि उजाडताना घर किंवा परगावचे हॉटेल गाठून झोपायचे असते. जाड पडदे, बंद फोन आणि शांत घर ही येथे चैन समजू नये. शेजाऱ्यांना वाटते, याचा मुलगा दिवसभर झोपतो. लग्नकार्य, वर्षावास, परीक्षा, आजारपण हे सारे दिवसा घडते आणि त्या वेळी घरचा माणूस झोपेत असतो किंवा दुसऱ्या शहरात. सणासुदीत पार्सले वाढतात, म्हणून नेमक्या त्या दिवसांत रजा मिळणे कठीण असते. तळ चेन्नईला वा अन्य शहरी असेल तर आईवडील एकीकडे आणि संसार दुसरीकडे अशी विभागणी होते. ज्या मुलाने निवासी शाळेत लहानपणीच घरापासून दूर राहण्याची, ठरल्या वेळी उठण्याची आणि स्वतःचे ताट स्वतः धुण्याची सवय अंगी बाणवली आहे, त्याला या जीवनाची ओळख काही अंशी आधीच झालेली असते.

थकवा हा या व्यवसायातील सर्वांत गंभीर विषय आहे. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात मानवी शरीराची सावधता सर्वांत कमी असते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे पहाटेपूर्वी उतरणारे यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळले आणि दोन्ही वैमानिक मृत्यू पावले. चौकशीत इतर चुकांबरोबर थकव्याचीही नोंद झाली. अमेरिकेत २०१४ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम लागू झाले, पण त्यांतून मालवाहू वैमानिकांना वगळण्यात आले. पार्सल तक्रार करत नाही, म्हणून ते नेणाऱ्याच्या झोपेचे मोल कमी धरले गेले, असेच यावर म्हणावे लागते.

भारतात वैमानिकाला वर्षाला १,००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत वाढवली. त्यांची अंमलबजावणी २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. कागदावरचा नियम अंगी लागण्यासाठी वैमानिकाने स्वतः, मी थकलो आहे, आज उडणार नाही, असे म्हणण्याचे धैर्य ठेवावे लागते. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या तरुणाला हे वाक्य उच्चारणे जड जाते. म्हणूनच खर्चाचा हिशेब हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

मालाचेही धोके असतात. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबई येथे लिथियम बॅटऱ्या वाहून नेणाऱ्या विमानात आग लागून दोन वैमानिकांचा अंत झाला. एप्रिल २०१३ मध्ये अफगाणिस्तानातील बगराम येथे विमानातील अवजड वाहने बांधणीतून सुटून मागे सरकली आणि सात जणांचा बळी गेला. माल बांधणारा कामगार, तोल मोजणारा कर्मचारी आणि वैमानिक यांपैकी एकाचाही हलगर्जीपणा सर्वांना भोवतो. या व्यवसायात लहान काम असे नसते.

कमी खर्चाच्या वाटा

पैशाअभावी इच्छा सोडून द्यावी लागते असे नाही. नांद्यापासून फार दूर नसलेल्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेल्या मुलामुलींना परीक्षेद्वारे तेथून हवाई दलात जाता येते आणि प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. हवाई दलाच्या वाहतूक शाखेतील वैमानिक सैनिक, औषधे, धान्य घेऊन डोंगरदऱ्यांत उतरतात. मालवाहू उड्डाणाची याहून मोठी शाळा नाही. या परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून मुलांसाठी कार्यरत आहे आणि २०२३ मध्ये नाशिक येथे मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली. दहावीच्या वर्षीच त्यांच्या प्रवेश परीक्षेची माहिती घ्यावी.

विमानाजवळ राहून काम करण्याच्या इतरही वाटा आहेत. विमान देखभाल अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, माल व तोल व्यवस्थापक ही कामे वैमानिकाइतकीच आवश्यक आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरण नियंत्रकांची भरती परीक्षेद्वारे करते आणि तीत आरक्षण लागू असते. भौतिकशास्त्र-गणितासह विज्ञान पदवीधराला ती वाट खुली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे आपल्या भागातील मुलांना अशी कामे घराच्या थोडी जवळ येण्याची आशा आहे.

समारोप

पालकांनी मुलाच्या इच्छेपुढे आपल्या भीतीची भिंत उभी करू नये, तसेच कौतुकाच्या भरात हिशेबाची वहीही मिटून ठेवू नये. नववीत गणित पक्के करावे, दहावीनंतर कागदपत्रे तयार ठेवावीत, बारावीच्या सुमारास वैद्यकीय तपासणी करावी, शासकीय व सैनिकी वाटा प्रथम पाहाव्यात, शिष्यवृत्तीचे उत्तर लेखी घ्यावे आणि मगच जमिनीच्या सातबाऱ्याला हात लावावा. या क्रमाने गेलेल्या कुटुंबाला वाट मध्येच सोडावी लागली, तरी ते उघड्यावर पडत नाही. त्या मुलाचे गणित, इंग्रजी आणि शिस्त दुसऱ्या कामी येते.

माजी विद्यार्थ्यांनाही आमची विनंती आहे. आपल्यापैकी जे विमानतळावर, हवाई दलात, कुरिअर वा मालवाहतुकीच्या क्षेत्रात कोणत्याही पदावर काम करीत असतील, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेसाठी राखून ठेवावा आणि आपल्या कामाची खरी हकिकत मुलांना सांगावी, अडचणींसह सांगावी. एखाद्या मुलाची वैद्यकीय तपासणी वेळेत करून देणे, एखाद्या पालकाला करारपत्र वाचून दाखवणे, ही मदत देणगीपेक्षा कमी मोलाची नाही. नांद्याच्या या वसतिगृहातील एखादा विद्यार्थी उद्या रात्री दोन वाजता औषधांची खोकी घेऊन उडत असेल. खाली झोपलेल्यांना त्याचे नाव माहीत नसेल. पण त्याच्या घरावर कर्जाचा बोजा नसावा आणि त्याची झोप पूर्ण झालेली असावी, एवढी काळजी आपण सर्वांनी आजपासून घेऊ शकतो.